सात नंबरच्या नरसाळ्याला भोक नव्हतं

फसवणूक अशी झाली. समुद्राच्या तळातून निघणारा मिथेन वायू मोजायला मी बारा नरसाळी बनवून दिली. ज्या संस्थेला दिली, तिथल्या डॉक्टरसाहेबांनी आपल्या अहवालात लिहिलं की नरसाळी गळत होती, म्हणून भरतीच्या वेळच्या सगळ्या नोंदी काढून टाकल्या. नरसाळी गळत नव्हती. डॉक्टरसाहेबांना हे माहीत होतं, कारण त्यांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. फसवणारे ते. फसलो मी, आणि त्या अहवालातला गॅसचा आकडा खरा समजणारा प्रत्येक माणूस.

पैशाचा इथे संबंध नाही. ठरले तेवढे, ठरल्या दिवशी मिळाले. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझं नाव घेतलं की वर्ध्यातल्या लोकांना पहिली माझी घासाघीस आठवते आणि दुसरा माझा राग.

मी बोरगाव मेघेत राहतो. घरामागे शेड आहे, शेडमध्ये वेल्डिंगचं मशीन, पत्रा वाकवायचं मशीन आणि सिमेंटचा एक मोठा हौद. आयुष्यभर मी गोबर गॅसचे ड्रम बनवले. त्याआधी सिंदी रेल्वे या गावी एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होतो. दहावीला इंग्रजीत नापास झालो, ते तसंच राहिलं. वेल्डिंग पाहून शिकलो आणि भाव करणं कापसाच्या बाजारात कान देऊन. तिथे एक म्हातारा व्यापारी होता. गाडीवरचा वरवरचा कापूस त्याने कधी नमुना म्हणून घेतला नाही. बाही वर करायचा, खांद्यापर्यंत हात आत घालायचा आणि तळातला कापूस ओढून काढायचा. म्हणायचा, "वरचा कापूस सगळ्यायचाच चांगला रायते. खालचा दाखव, मंग बोलू." ही एक गोष्ट मी त्याच्याकडून फुकट घेतली. बाकी तो कोणाला काही फुकट देत नसे.

आता माझा धंदा. विहिरीसारखा एक गोल खड्डा बांधतात. त्यात शेण आणि पाणी कालवून सोडतात. शेण हवेशिवाय कुजतं आणि त्यातून गॅस निघतो. त्या खड्ड्यावर लोखंडी पत्र्याचा ड्रम पालथा तरंगत असतो. गॅस साठला की ड्रम वर चढतो, चूल पेटवली की खाली उतरतो. ड्रम किती वर आला ते पाहिलं की पोटात गॅस किती आहे ते कळतं. दुसरं मीटर लागत नाही. ज्वाला मोठी हवी असेल तर बाया ड्रमवर दोन दगड ठेवतात. दर वर्षी पावसाळ्याआधी ड्रम बाहेर काढून, तारेच्या ब्रशने घासून, काळा रंग द्यावा लागतो. रंग नाही दिला तर गंज पत्रा खातो. रंग देताना सांध्यावर, म्हणजे जिथे वेल्डिंग आहे तिथे, एक जाड पट्टा जास्तीचा मारायचा. याला आम्ही 'सांध्याला हात फिरवणं' म्हणतो. सांधा चांगला असो की वाईट, हात फिरवायचाच. वाचकांनी हे लक्षात ठेवावं, पुढे याच शब्दांनी माझा घात केला.

गिऱ्हाईक नाना प्रकारचे भेटले. सिंदीच्या एका दुकानदाराने शेजाऱ्यापेक्षा मोठा ड्रम पाहिजे म्हणून हट्ट धरला. घरी गाई दोन. मी समजावलं, त्याला वाटलं मी मोठ्या ड्रमचं काम टाळतो आहे. बनवून दिला. महिन्याने आला भांडायला.

"तुहा ड्रम चढूनच नाई राह्यला बे!"

"चढन कसा? दोन गाईंच्या शेनावर हत्ती बसोला तुम्ही."

तो ड्रम अखेर त्याने पालथाचा सुलटा केला आणि गाईंचं पाणी भरायला वापरला. तिथे मात्र तो एक थेंब गळला नाही.

पण गळलेला ड्रमही मी दिला आहे. एकच, आणि तो इथे सांगणं भाग आहे.

नाचणगावच्या शांताबाई. नवरा पुलगावला नोकरीला, शेती आणि चार म्हशी बाईच्या अंगावर. त्यांच्याकडे ड्रम बसवला आणि आठवड्यात निरोप आला, ज्वाला टिकत नाही. मी गेलो, ड्रमवर एक थाप मारली, आणि म्हणालो की शेण पातळ कालवता, गॅस कुठून होणार?  दोन दिवसांनी पुन्हा निरोप. मी पुन्हा तेच सांगितलं, आवाज चढवून. तिसऱ्या वेळी गेलो तर त्यांनी भांडी घासायच्या साबणाचा फेस परातीत करून ठेवला होता. माझ्यासमोर त्यांनी तो फेस हाताने ड्रमच्या सांध्यावर गोल फिरवला. एका जागी फेसाचा फुगा आला, फुटला, पुन्हा आला.

"इथं ये," त्या म्हणाल्या. "तुह्या बोटानं दाबून पाह्य."

मी बोट ठेवलं. फुगा थांबला. बोट काढलं, फुगा आला.

"गळत असन तर गळते म्हन ना बाप्पा. माह्या शेनाले काऊन नावं ठेवतं?"

शेजारच्या दोन बाया हसत होत्या. मला राग आला, पण तो कोणावर काढावा हे कळेना, म्हणून ड्रम खटाऱ्यात घालून परत आणला आणि दुसरा नवा दिला. घरी येऊन हौद बांधायला घेतला. तेव्हापासून शेडमधून निघणारी प्रत्येक वस्तू आधी हौदात बुडते. पालथी घालून, आत हवा कोंडून, दाबून धरायची. भोक असेल तर बुडबुडा येतो. बुडबुडा आला नाही की वहीत नंबर, तारीख आणि सही. ती वही शांताबाईंची देणगी आहे.

डॉक्टरसाहेब आले ते या हौदामुळे. हे साहेब औषधाचे नाहीत, समुद्राचे. किनाऱ्यावरच्या एका संस्थेत संशोधन करतात. वर्ध्याला नात्यातल्या लग्नाला आले होते, बोरगावात पाहुण्यांकडे उतरले होते. सकाळी फिरायला निघाले आणि माझ्या हौदाशी थबकले. मी ड्रम दाबून उभा होतो.

"हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"गळती पाह्यतो."

"बुडबुड्यांवरून?"

"हो. मानूस खोटं बोलते, पानी नाई बोलत."

ते हसले आणि आत येऊन स्टुलावर बसले. मग त्यांनी जे सांगितलं ते मला एका बैठकीत समजलं, कारण तो माझाच धंदा होता. समुद्राच्या तळाशी चिखल असतो. त्यात नद्यांनी आणलेला पाला, मेलेले जीव, शेवाळ गाडलं जातं आणि हवेशिवाय कुजतं. म्हणजे शेणाच्या खड्ड्यात होतं तेच. तोच गॅस. काही जागी तो चिखलातून बुडबुड्यांनी वर निघतो. वर येता येता बराचसा पाण्यात विरघळतो, काही सूक्ष्म जीव खातात, उरला तर हवेत जातो. हवेत गेला तर ती तापवतो, आणि त्यात तो धुरापेक्षाही जहाल असतो म्हणे. तर तळातून निघतो किती, हे मोजायला हवं. त्यासाठी तळावर पालथं नरसाळं ठेवायचं. वरच्या तोंडाला खुणा केलेली पारदर्शक नळी, तिला तोटी. नळी आधी पाण्याने भरलेली. बुडबुडे नरसाळ्यात शिरले की नळीतलं पाणी खाली ढकलतात. किती वेळात किती पाणी उतरलं ते पाणबुड्याने खालीच पाहून पाटीवर लिहायचं. खालीच, कारण वीस मीटर खोलीवर पाण्याचं वजन गॅसला दाबून ठेवतं. तोच गॅस वर आणला तर फुगून तिप्पट होतो.

"म्हंजे माह्या ड्रमचं पिल्लूच झालं," मी म्हणालो.

"अगदी तसंच. बनवाल?"

भाव सुरू झाला. त्यांना नरसाळी हलकी नको होती, प्रवाहाने हलली असती. मी लोखंडी पत्रा सुचवला आणि दर वर्षी रंग द्यावा लागेल हे तेव्हाच सांगितलं. त्यांना सोळा हवी होती, मी म्हणालो बारा देतो पण बाराही हौदात बुडवून देतो. शेवटी मी माझी अट काढली. जिन्नस पहिल्यांदा पाण्यात उतरेल तेव्हा मी तिथे हजर पाहिजे.

"तुम्ही समुद्रावर येणार?" ते म्हणाले. "का?"

"नाचनगावले ड्रम बसवाले मी सोता गेलो साहेब. समुद्रावर काऊन नाई?"

आतून माझी बायको कुसुम चहा घेऊन आली होती. तिने कप ठेवता ठेवता साहेबांना सांगितलं, "न्या, पन दोरी बांधून न्या. धाम नदीत गुडघ्याएवढ्या पान्यात गेले तरी मले आवाज देतेत."

ठरलं. बारा नरसाळी झाली. प्रत्येकावर छिन्नीने नंबर कोरला. हौदात बुडवली, वहीत चढवली, वहीच्या त्या पानाची प्रत प्रत्येकाबरोबर दिली.

समुद्र मी पन्नाशी उलटल्यावर पाहिला. त्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही. पहिला दिवस मी होडीच्या कडेला तोंड करून काढला. ती मासेमारीची भाड्याची होडी होती. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य माणूस साठीचा, बारीक, बोलायला तिखट. मला ओकताना पाहून म्हणाला, "वर्ध्याच्यांनू, माशांक जेवण घालूक इलात काय?" दुसऱ्या दिवशी मी त्याला उत्तर देण्याइतका बरा झालो होतो आणि मग आमचं जमलं.

बुडबुड्यांची जागा त्यालाच माहीत होती. ओहोटीला तिथे पाण्यावर बारीक साखळ्या दिसत, जणू खाली कोणी सोडावॉटर ओतलं आहे. पाणबुड्यांनी बारा नरसाळी बारा ठिकाणी ठेवली. जिथे सगळ्यात जोरात बुडबुडे होते तिथे सात नंबर. पहिल्या नोंदी ओहोटीच्या होत्या. पाणबुड्याने वर येऊन पाटी दाखवली, सात नंबरची नळी बघता बघता भरली होती. डॉक्टरसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आयुष्यात खूप लोकांनी माझा माल घेतला, पाठीवर थाप कोणी मारली नव्हती. ती थाप मी विसरलो नाही, म्हणून पुढचं जास्त लागलं.

दुपारी भरती आली. पाणबुडे पुन्हा उतरले. सात नंबरची नळी अर्धीही भरेना. बाकीच्यांचंही तसंच, कमी-अधिक. दुसऱ्या दिवशी ओहोटीला पुन्हा जोर, भरतीला पुन्हा मंद. तिसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेब पाटीकडे बघत म्हणाले, "सात नंबर गळत असावं."

माझं डोकं तिथेच फिरलं. पण मी आधी तांडेलाकडे पाहिलं, कारण तो हसत होता.

"गळता खयचा!" तो म्हणाला. "भरती चढली काय बुडबुडे कमीच येतत. ओहोटीक दर्या उकळता. माझो बापूस पण ह्याच सांगी."

मला ते लगेच पटलं. पाणी वर चढलं म्हणजे चिखलावर वजन वाढलं. वजन वाढलं की चिखलातला गॅस दाबला जातो, निघायला मागत नाही. पाणी उतरलं की वजन कमी झालं, गॅस सुटला. नरसाळं बिचारं जे येईल ते मोजत होतं. मी साहेबांना म्हणालो,

"साहेब, ओहोटीले गळत नाई अन् भरतीले गळते, असं कोन्तं भोक रायते? भोक काय घड्याळ पाहून उघडते?"

"दाब वाढल्यावर गळती वाढू शकते," ते म्हणाले.

"बाहेरचा दाब वाढला तर आतलाबी तेवढाच वाढते. नरसाळं खालून उघडं हाये. पत्र्याले काय फरक पडते?"

 मी पाणबुड्याला सात नंबर वर आणायला लावलं. होडीवर गोड्या पाण्याचं मोठं पिंप होतं. तांडेल ते देईना, पिण्याचं पाणी आहे म्हणाला. समुद्राचं पाणी भरून मासे ठेवायचा हौद होता, तो त्याने रिकामा करून दिला. त्यात पाणी भरलं. सात नंबरची तोटी बंद केली, पालथं घातलं आणि मी दोन्ही हातांनी दाबून धरलं. तांडेलाने एक बिडी पेटवली. ती संपेपर्यंत आम्ही पाण्याकडे बघत होतो. एक बुडबुडा आला नाही. डॉक्टरसाहेब माझ्या उजव्या हाताशी उभे होते, गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेले. त्यांनी पाहिलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "बघू."

मी त्या "बघू"चा भाव केला नाही. कापसाच्या बाजारात एवढी वर्षं काढून, समोरचा बघू म्हणाला की तिथल्या तिथे चिठ्ठी करून घ्यायची, हे मला माहीत होतं. मी चिठ्ठी घेतली नाही. पाठीवर थाप पडली होती ना.

वर्षभराने नरसाळी वर्ध्याला परत आली. तोट्या बदलायच्या होत्या, पाणबुड्यांना हातमोजे घालून फिरवता येतील अशा मोठ्या हव्या होत्या. तोट्या बदलल्या. समुद्राने पत्रा ठिकठिकाणी खाल्ला होता, पण वरवर. मी सगळी घासली, हौदात बुडवली, बाराही ठणठणीत निघाली, एक बुडबुडा नाही, वहीत लिहिली. मग पावसाळ्याआधीचे दिवस होते म्हणून, कोणी न सांगता, काळा रंग दिला आणि सवयीने सांध्याला हात फिरवला. डिलिव्हरीच्या चिठ्ठीवर लिहिलं : 'तोट्या बदलल्या. सर्व नगांना काळा रंग. सांध्यांना हात फिरवला.' रंगाचे पैसे वेगळे लावले नाहीत. वर्ध्याच्या कोणत्याही गोबर गॅसवाल्याने ही चिठ्ठी वाचली असती तर त्याला एवढंच कळलं असतं की माणसाने काम नीट केलं.

पुढे दोन वर्षं नरसाळी समुद्रात गेली. मी गेलो नाही, गुडघा दुखू लागला होता. मग अहवाल छापून झाला असं कळलं. मी एक प्रत मागितली. ती फोनवर आली, इंग्रजीत. माझी मुलगी कल्पना पुलगावला शाळेत शिकवते. रविवारी ती घरी आली तेव्हा मी तिला वाचायला बसवलं. आधी ती भराभर सांगत होती. माझ्या शेडचं नाव आलं तेव्हा कुसुमने हातातली भाजी बाजूला ठेवली. मग कल्पना थांबली.

"काय झालं?"

"बाबा, इथं लिहिलंय की भरतीच्या वेळच्या नोंदी हिशेबात धरल्या नाहीत. उपकरणं गळत होती म्हणून. सात नंबरचं उदाहरण दिलंय."

"आनखी?"

"खाली बारीक अक्षरात आहे. बनवणाऱ्या वर्कशॉपने नंतर सांधे दुरुस्त केल्याचं त्यांच्याच चिठ्ठीत नमूद आहे." ती माझ्याकडे बघायचं टाळत होती. "चिठ्ठी तुमचीच आहे ना बाबा?"

सांध्याला हात फिरवला. त्याचं इंग्रजीत झालं, सांधे दुरुस्त केले. दुरुस्त केले, म्हणजे बिघडलेले होते. बिघडलेले होते, म्हणजे गळत होते. माझ्याच हातचं अक्षर, माझ्याच शाईत. एवढा स्वच्छ डाव कापसाच्या बाजारातही मी पाहिला नव्हता.

मी कल्पनाला विचारलं की मग त्यांनी वर्षाचा गॅस कशावरून धरला. ती म्हणाली, ज्या नोंदी ठेवल्या त्यांच्या सरासरीवरून. म्हणजे निव्वळ ओहोटीवरून. गाडीच्या वरचा कापूस घेतला आणि अख्ख्या गाडीचा भाव त्याच्यावर केला. समुद्र दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. चढलेल्या वेळी तळातून गॅस किती कमी निघतो, हे माझ्या नरसाळ्यांनी सांगितलं होतं, आणि तेच पुसून टाकलं. आकडा मोठा झाला. त्यांनी ते का केलं, मला नक्की माहीत नाही. मोठ्या आकड्याला पुढचं जहाज लवकर मिळतं, असं एक जण म्हणाला. दुसरं कारण असंही असेल की भरतीला पाणबुड्यांना खाली कमी वेळ मिळायचा, नोंदी तुटक होत्या आणि समजावून लिहायचा कंटाळा आला. गळती लिहिली की समजावणं संपतं. शांताबाईंच्या अंगणात मीही तेच केलं होतं. पातळ शेण म्हणालो की माझं समजावणं संपत होतं.

हे मला गाडीत बसल्यावर सुचलं. मी सात नंबरची नोंद असलेली वही आणि होडीवरच्या दिवसाचं माझं टिपण घेऊन किनाऱ्याकडे निघालो होतो. कुसुम स्टेशनवर सोडायला आली होती. तिने एवढंच सांगितलं, "हे पाहा, पह्यले त्यायले बोलू द्याजा. टेबलावर हात आपटू नका."

मी टेबलावर हात आपटला. त्याआधी पाच मिनिटं बरी गेली. डॉक्टरसाहेबांनी चहा मागवला, वही पाहिली, म्हणाले की वर्ध्याच्या हौदातली चाचणी आणि वीस मीटरवरची परिस्थिती यांत फरक असतो. मी म्हणालो, होडीवरची चाचणी तुम्ही वाकून पाहिली. ते म्हणाले, तशी नोंद आमच्याकडे नाही. मी म्हणालो, तांडेलाला बोलवा. ते म्हणाले, तांडेल शास्त्रज्ञ नाही. तेव्हा हात आपटला. चहा सांडला. मी त्यांच्या खुर्चीबद्दल आणि त्यांच्या पदवीबद्दल जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही, आणि त्यातलं पदवीबद्दलचं मला मागे घ्यायचं आहे. दोन पहारेकरी आले. त्यातला एक विदर्भातलाच निघाला, यवतमाळचा. मला दाराकडे नेताना हळूच म्हणाला, "काका, गरम होऊन काय फायदा? आता तुमचं कोनी आयकन का?"

त्याचं खरं होतं. त्या दिवसानंतर माझ्या पत्रांना उत्तर आलं नाही. भांडकुदळ माणसाचं पत्र कोण उघडतं? माझी बाजू खरी होती आणि ती मी चहाबरोबर सांडून आलो. याची खंत मला त्या अहवालाइतकीच आहे.

पण बाहेर पडताना मी एक गोष्ट पाहिली. संस्थेच्या प्रवेशदालनात काचेच्या पेट्या मांडल्या आहेत, जुनी यंत्रं, शंख, चिखलाचे नमुने. एका पेटीत माझं नरसाळं. मी काचेला नाक लावून नंबर पाहिला. सात. दोन वर्षं समुद्रात जाऊनही माझा काळा रंग जागोजागी टिकून होता, सांध्यावरचा जाड पट्टाही दिसत होता. खाली पाटी होती, 'तळातील वायू मोजण्याचे देशी बनावटीचे उपकरण'. गळतं असं त्या पाटीवर लिहिलेलं नव्हतं. शाळेची पोरं ते बघतात, फोटो काढतात. मी पेटीचं कुलूप हलवून पाहिलं. यवतमाळवाला म्हणाला, "काका, चला ना."

तेव्हापासून वर्ध्यातल्या दोन जणांनी ड्रमचं काम देण्याआधी मला सहज विचारलं, "भाऊ, ते समुद्रातलं गळलं म्हनतेत, खरं का?" सहज विचारलं, हसत विचारलं. मी त्यांना हौदाशी नेलं. त्यांच्यासमोर ड्रम बुडवला. यापुढे आयुष्यभर मी प्रत्येकाला हौदाशी नेऊ शकतो. तो आकडा जिथे जिथे गेला असेल तिथे तिथे मी हौद नेऊ शकत नाही.

नाचणगावला गेल्या महिन्यात गेलो होतो. शांताबाई आता थकल्या, म्हैस एकच उरली. मी दिलेला दुसरा ड्रम अजून चढतो-उतरतो. मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी विचारलं, "त्या सायबानं फेस लावून पाह्यला का?"

"पान्यात पाह्यलं. समोर उभा होता."

"मंग भोक कुठी हाये म्हनते तो?"

मी म्हणालो, ते त्याने लिहिलेलं नाही.

"मंग विचार ना त्याले. मले विचारून काय होते?"

म्हणून हे लिहिलं. डॉक्टरसाहेब, तुम्ही मराठी आहात, दिवाळी अंक तुमच्या घरी येत असतील, आणि हा अंक नाही आला तरी कोणीतरी हे पान तुमच्या फोनवर पाठवेलच. त्या काचेच्या पेटीची चावी तुमच्या संस्थेत आहे. सात नंबर बाहेर काढा. रंग खरवडून टाका, सांध्यावरचा पट्टाही काढा, माझी हरकत नाही. पाण्याने भरलेलं पिंप आणा, शेजारी तांडेलाला उभं करा, शाळेची पोरंही असू द्या. ओहोटीला करा, भरतीला करा. मी एक शब्द बोलणार नाही, हात मागे बांधून उभा राहीन. नाचणगावच्या अंगणात तीन बायांसमोर मी माझ्या ड्रमच्या भोकावर बोट ठेवलं होतं. तुम्ही सात नंबरच्या भोकावर बोट ठेवून दाखवा. नाही सापडलं, तर ज्या हाताने गळती लिहिली त्याच हाताने, त्याच अहवालात, भरतीच्या नोंदी परत लिहा. आणि यातलं एकही करायचं नसेल, तर का नाही, ते सही करून सांगा.